पंधरा दिवस निश्चिंत

मित्रांनो, मी एक कुंडी आहे. जुनी म्हणावं इतकं माझं वय नाही. पुरती सहा वर्षंही झालेली नाहीत. पण बुडाला भोक पडलं, कडेला पांढरे डाग चढले आणि पोटात झाडाऐवजी वाळक्या काड्या उरल्या, की कुंडीला जुनीच म्हणतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती माझ्याचबद्दल. आज सकाळचं पाणी मला अजून मिळालेलं नाही, तेव्हा बोलायला वेळ आहे. ऐका.

मी साधी कुंडी नव्हते, हे आधी सांगायला हवं. मोठेपणा मिरवायला नाही, पुढचं नीट कळावं म्हणून. साध्या कुंडीला एकच पोट असतं, मला दोन होती. वरच्या पोटात माती आणि झाड, खालच्या पोटात चार लिटर पाणी. दोन्हींच्या मधून सुताची एक जाड वात गेलेली होती. दिव्याची वात तेल वर ओढते, तशी ही वात पाणी वर ओढायची आणि मातीला लागेल तेवढंच द्यायची. कडेला पाणी ओतायची एक नळी आणि नळीत एक लाल काडी. पाणी भरलं की काडी वर यायची, पाणी संपत आलं की खाली जायची. माणसाने काडीकडे बघायचं, झाडाकडे बघितलं नाही तरी काही बिघडायचं नाही.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. प्लॅस्टिकचे दाणे वितळवून साच्यात दाबले आणि मी गरमागरम बाहेर पडले. माझ्यासारख्या तिथे दिवसाला नऊशे जन्मत. रंग आम्हाला मुद्दाम मातीसारखा दिलेला, म्हणजे सोंग जन्मापासूनचंच. मग आम्हाला एका लांब टेबलावर मांडत. तिथे एक मावशी वाती बसवायची, म्हणून सगळे तिला वातमावशी म्हणत. माझी वात तिनेच बसवली, आणि बसवता बसवता ती साहेबांशी हुज्जत घालत होती, कारण त्याच दिवशी नवीन छापलेले खोके आले होते. खोक्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘पंधरा दिवस निश्चिंत!’

“साहेब, वात जरा सैल राहिली तर झाड तहानेनं जातं, जास्त दाबली तर बुडून जातं,” मावशी म्हणाली. “रोज एकदा बघत चला, असं पण खाली लिहा की.”

“मावशी, रोज बघायला लागतं असं लिहिलं तर घेईल कोण?” साहेब म्हणाले.

टेबलावरचे सगळे हसले, मावशीही हसली. मीसुद्धा मनातल्या मनात हसले. खोक्यावरचं वाक्य मला फार आवडलं होतं, ते खरं करून दाखवायचं असं मी तिथेच ठरवलं. आणि मित्रांनो, मी ते दाखवलंही.

मला विकत घेतलं एका पूल बांधणाऱ्या इंजिनिअरने. त्याचं काम दुसऱ्या गावी, आई एकटी इकडे. दोन-तीन महिन्यांनी त्याची एक फेरी व्हायची आणि दर रविवारी फोन. आई तीनमजली इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहायची. पस्तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती, त्यामुळे सगळी इमारत तिला ऑपरेटरबाई म्हणायची. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा तिथल्या खिडकीतला नेचा सतरा बायकांनी मुळांसकट वाटून घेतला होता. बाईंच्या वाट्याला आलेला तुकडा गॅलरीत एका मातीच्या कुंडीत वाढत होता. त्याच्यासाठीच मला आणलं होतं.

“हे काय घेऊन आलास?” मला खोक्यातून काढल्यावर बाईंनी विचारलं.

“कुंडी. आपोआप पाणी पाजते. तू फक्त पंधरा दिवसांनी भरायची.”

“आणि मधले चौदा दिवस मी काय करू?”

“आराम कर ना, आई. गुडघा बघ कसा सुजलाय. रोज ती भरलेली किटली उचलायची, रोज खालच्या काकांशी भांडायचं. ते मला फोन करतात, माहितेय? परवा म्हणाले, तुझ्या आईनं माझं एक घड्याळ बुडवलं.”

“बुडवलं कसलं! एक थेंब पडला असेल. एका थेंबानं बुडतं ते घड्याळ काय कामाचं?”

पण मुलगा प्रेमाने आणतो तेव्हा आई फार ताणत नाही. त्याच दुपारी नेचा माझ्यात आला आणि मातीची कुंडी कठड्याच्या कोपऱ्यावर गेली. तिला वरपासून खालपर्यंत भेग होती. बाईंनी तिच्यात कपडे वाळत घालायचे चिमटे ठेवले. गरज सरो वैद्य मरो, असं ती दिवसभर पुटपुटत होती. मी नवी कोरी, चकचकीत. मला तिची कीवही आली नाही.

खालच्या काकांची हकिगत मला तिच्याचकडून कळली. पहिल्या मजल्यावर, बरोबर आमच्या गॅलरीखाली, एक घड्याळं दुरुस्त करणारे काका राहत. दुकान विकून टाकलं होतं, पण हात स्वस्थ बसत नव्हते, म्हणून गॅलरीत उजेडाला टेबल मांडून ते घड्याळं उघडून बसत. बायको जाऊन चार वर्षं झालेली. बाई रोज सकाळी सातला नेच्याला किटलीभर पाणी घालायच्या. मातीच्या कुंडीच्या बुडाला भोक होतं. जास्तीचं पाणी त्यातून निघून गॅलरीच्या फटीतून सव्वासातला खाली टपकायचं, ते नेमकं काकांच्या टेबलावर.

“ऑपरेटरबाई!” काका खालून ओरडायचे. “आभाळ स्वच्छ आहे आणि माझ्याकडेच सरी कशा?”

“सव्वासात झाले म्हणून!” बाई वरून सांगायच्या. “तुमची घड्याळं मागे पडली असतील, पाऊस वेळेवर आहे.”

“एक दिवस पोलिसांत जाईन!”

“जा की. नंबर लावून देऊ?”

भांडण अर्धा तास चालायचं. त्यात बाईंचा गुडघा यायचा, काकांची झोप यायची, दोघांची लांबची मुलं यायची आणि भाजीत मीठ जास्त झालं तर तेही यायचं. शेवटी काका टेबलावर प्लॅस्टिकचा कागद पसरायचे आणि बाई घरात जायच्या. हे नऊ वर्षं चाललं होतं. एका थंडीत मात्र एक दिवस पाणी पडलं नाही. सव्वासात झाले, साडेसात झाले. काका कागद पसरून वाट बघत बसले होते. पावणेआठला ते उठले, जिना चढून वर आले आणि त्यांनी दार ठोठावलं. बाई तापाने फणफणल्या होत्या, भिंत धरत कशाबशा दार उघडायला आल्या. काकांनी डॉक्टर आणला. “पाऊस पडला नाही म्हणून आलो,” असं ते म्हणाले आणि तेवढ्या तापातही बाई हसल्या.

मातीच्या कुंडीने ही गोष्ट मला निदान तीनदा सांगितली. मला ती म्हातारीची कुरकूर वाटली. गळक्या बुडाचं कौतुक काय सांगतेस, असं मी तिला तोंडावर म्हणाले. ते शब्द आता मला परत घेता येत नाहीत.

माझं काम सुरू झालं आणि माझे गुण दिसू लागले. गुण होतेच, ते मी नाकारणार नाही. नेचा आधी कधी भुकेल्यासारखा, कधी खाऊन सुस्तावल्यासारखा असायचा. आता त्याला रात्रंदिवस सारखा ओलावा मिळू लागला. नऊ पानांची चाळीस पानं झाली. ती कठड्यावरून खाली झुकली, रस्त्यावरूनही दिसू लागली. पाणीही कमी लागायचं, कारण एक थेंब वाया जात नव्हता. बाईंना किटली उचलायला लागेना, गुडघ्याची सूज उतरली. त्या आठवडाभर बहिणीकडे राहून आल्या तरी पान सुकलं नाही. आणि काकांचं टेबल कोरडं ठणठणीत. सुंठीवाचून खोकला गेला, असं मुलगा फोनवर म्हणाला.

काकांनीही एकदा गॅलरीतून मान वर करून सांगितलं, “मुलानं चांगलं केलं हं तुमच्या!”

“हो ना!” बाई म्हणाल्या.

बोलायला काही सापडेना. मग काका आत गेले, बाईही आत आल्या.

अवगुणही लवकरच दिसले. माझ्या बंद पोटात साचलेलं पाणी, त्यात डास अंडी घालायचे. पाण्यातले क्षार कुठे वाहून जात नसत, ते मातीवर आणि माझ्या कडेवर पांढरे होऊन बसायचे. दमट दिवसांत मातीला पाणी नको असलं तरी वातीला ते कसं कळणार? ती ओढतच राहायची आणि नेच्याची खालची मुळं काळी पडायची. समोरच्या इमारतीत माझ्याच साच्यातली एक कुंडी होती, तिच्यात कुणीतरी कोरफड लावली. कोरफडीला कोरडी माती हवी. महिन्याभरात ती कुजून लगदा झाली. अति तिथे माती म्हणतात, तिथे अति पाणी झालं एवढंच. पण हे अवगुण खोक्याच्या आत छापील कागदावर बारीक अक्षरांत दिलेले असतात. मी ज्याबद्दल रडते आहे, तो अवगुण कुठल्याच कागदावर नव्हता.

सुरुवातीचे काही आठवडे बाई सवयीने सातला किटली घेऊन बाहेर यायच्या. लाल काडी वर असायची. काडीकडे बघून त्या परत जायच्या. खाली काकाही सवयीने सातला प्लॅस्टिकचा कागद पसरायचे, मला त्याची चुरचुर ऐकू यायची. मग सव्वासातला कोरडा कागद गुंडाळून ठेवायचे.

एक दिवस बाईंनी काडीकडे न बघता किटली सरळ नळीत रिकामी केली. माझ्या कमरेला, पाणी फार झालं तर वाहून जावं म्हणून, एक बारीक भोक होतं. त्यातून पाणी निघालं, फटीतून खाली गेलं आणि टेबलावर टपटपलं.

“ऑपरेटरबाई!” काका ओरडले. आवाजात राग औषधालाही नव्हता.

“पडला का पाऊस?” बाईंनी विचारलं, आणि पुढचा अर्धा तास त्यांना गुडघ्याची आठवणही झाली नाही.

असं त्यांनी दहा-बारा दिवस केलं. मी तेव्हा त्यांच्यावर चिडले होते. काडी बघायला सांगितलंय ना, मग बघा की! पालथ्या घड्यावर पाणी! आणि पाणी खरंच जास्त झालं. नेच्याची पानं पिवळी पडू लागली. मुलगा त्याच सुमाराला आला होता. तो म्हणाला, “आई, रोज ओततेस ना? बघ, मारशील त्याला. एक्स्चेंजचं झाड आहे, जप जरा.” तो बोलला ते खोटं नव्हतं. बाईंनी पिवळी पानं एकेक करून खुडली, किटली पुसली आणि स्वयंपाकघरातल्या माळ्यावर टाकली. मुलाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकाआड एक रविवारी लिहून ठेवलं, ‘कुंडी’. त्यानंतर बाई गॅलरीत महिन्यातून दोनदा येऊ लागल्या. नेचा पुन्हा हिरवागार झाला, आणि ते माझ्यामुळे झालं याचा मला अभिमान वाटत होता.

चार वर्षं अशी गेली. बाई आणखी वाकल्या. काकांना कमी ऐकू येऊ लागलं. जिन्यात भेट झाली तर ‘बरं आहे ना’, ‘बरं आहे’, एवढं व्हायचं. मातीची कुंडी एका वादळात कठड्यावरून पडून फुटली. चिमटे रस्त्यावर विखुरले, ते बाईंनी खाली जाऊन वेचून आणले.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना माझ्या घशाला कोरड पडते. कुंडीला घसा नसतो, पण तुम्ही समजून घ्या.

तो कॅलेंडरवरचा रविवार होता. संध्याकाळी बाईंनी मला काठोकाठ भरलं. आठवडाभर रस्त्यावर खोदकाम चालणार होतं, फरशा फोडायचं यंत्र येऊन उभं राहिलं होतं, म्हणून धूळ आत येऊ नये यासाठी त्यांनी गॅलरीचं काचेचं दार लावून वरची कडी घातली. शेजारची खिडकी तेवढी बोटभर उघडी राहिली. सोमवारी सकाळी त्या खोलीतून चालताना सतरंजीत पाय अडकून पडल्या. हाड मोडल्याचा आवाज मला काचेतून ऐकू आला. त्या उठल्या नाहीत.

त्यांनी हाका मारल्या. आधी मोठ्याने, मुलाच्या नावाने, मग काकांच्या नावाने. बाहेर यंत्र सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत फरशा फोडत होतं. संध्याकाळी ते थांबलं तोवर बाईंचा आवाज बसला होता. फोन स्वयंपाकघरात ओट्यावर होता. त्या सरकत सरकत निघाल्या, पण स्वयंपाकघराकडे वळता आलं नाही. मोडलेला पाय त्यांना गॅलरीच्या दाराकडेच आणू शकला. मंगळवारी दुपारी त्या काचेपाशी पोचल्या. कडी वर होती. माझ्यात आणि त्यांच्यात एक काच आणि हातभर अंतर होतं.

मित्रांनो, त्यांना तहान लागली होती. माझ्या पोटात चार लिटर पाणी होतं. त्या माझ्याकडे बघत होत्या, लाल काडीकडे बघत होत्या, आणि काडी वर होती. मी त्यातला थेंबही त्यांना देऊ शकले नाही. मला फक्त झाडाला पाणी देता येत होतं आणि ते मी देत राहिले. त्या दोन दिवसांत नेच्याने एक नवं पान काढलं.

बुधवारी दुपारी कामगार जेवायला गेले होते, तेव्हा स्वयंपाकघरात फोन वाजला. बाईंनी मान उचलली. खूप वेळ वाजला तो. बाई फरशीवरूनच, बसलेल्या आवाजात, पण अगदी एक्स्चेंजमधल्यासारख्या म्हणाल्या, “बोला, कोण हवंय?” मग फोन थांबला.

फोन मुलाचा होता. त्याला कुठल्याशा कागदावरचा नंबर हवा होता. आई उचलत नाही म्हटल्यावर त्याने काकांना फोन लावला. काका कानाला फोन धरून गॅलरीत आले. त्यांना मोठ्याने बोलायची सवय, त्यामुळे त्यांचं बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

“आई ना? थांब, बघतो.” त्यांनी कठड्यावरून वाकून मान वर केली. त्यांना चाळीस हिरवी पानं दिसली, आणि एक कोवळं, नवं. “अरे, झाड कसं टवटवीत आहे! बाई असणार घरात. फोन कुठेतरी ठेवून विसरल्या असतील. तू नको काळजी करू.”

तो निश्चिंत झाला. काकाही निश्चिंत झाले. मी पानं गाळावीत, निदान एक तरी पिवळं करावं, असं मला वाटत होतं. पण माझी वात चोख बसली होती. वातमावशीचा हात तसा पक्का होता.

बाई गुरुवारी संध्याकाळी गेल्या. यंत्र तेव्हा नुकतंच थांबलं होतं.

शुक्रवारी मुलाने पुन्हा फोन केला. या वेळी काका जिना चढून वर आले. दार ठोठावलं, पुन्हा ठोठावलं, मग खाली जाऊन आपली हत्यारं घेऊन आले. घड्याळाचे बारीक स्क्रू काढणाऱ्या हातांना ते कुलूप उघडायला तीन मिनिटं लागली. काका आत आले. बाईंच्या शेजारी जमिनीवर बसले, आणि काचेतून माझ्याकडे बघून म्हणाले, “तीन मिनिटं. बुधवारी पण तीनच लागली असती.”

मुलगा आला, दहा दिवस राहिला. त्याने मोठ्या माणसाने रडू नये इतकं रडून घेतलं. “मीच आणली होती ती कुंडी, काका,” असं तो पुन्हा पुन्हा म्हणायचा. काका म्हणायचे, “आणि मीच तुला फोन करकरून आणायला लावली.” दोघांपैकी कुणीही मला दोष दिला नाही. दिला असता तर बरं वाटलं असतं. मग घर विकायचं ठरलं, सामान बांधलं गेलं. काकांनी मला मागून घेतलं. माळ्यावरची किटलीही मागून घेतली.

काकांनी मला टेबलावर पालथं घातलं. वात उपटून काढली. गॅसवर एक पेचकस लालबुंद होईपर्यंत तापवला आणि माझ्या बुडाला भोक पाडलं. दुखलं, पण मी मनात म्हटलं, पाडा, काका, आणखी एक पाडा. मग त्यांनी मला आपल्या गॅलरीच्या कठड्याशी ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला किटलीभर पाणी घातलं. सव्वासातला पाणी बुडातून निघालं आणि खाली पायरीवर टपकलं.

नेचा मात्र जगला नाही. चार वर्षं त्याला खालून पाणी प्यायची सवय लागली होती, त्याची मुळं पोटातल्या पाण्यात उतरली होती. वरून येणारं पाणी त्याला धरता येईना. दीड महिन्यात तो वाळला. सतरा जणींमध्ये वाटलेल्या त्या झाडाचा बाईंचा वाटा असा संपला. काकांनी वाळक्या काड्या काढल्या नाहीत. पाणी घालणंही थांबवलं नाही.

ते असं का करत होते, हे मला हळूहळू कळलं. तळमजल्यावर चष्म्याचं दुकान आहे. पाणी त्याच्या पायरीवर पडायचं. काका पाणी घालून कठड्यावरून वाकून वाट बघत उभे राहायचे. त्यांनी उत्तरंसुद्धा तयार ठेवली होती, आरशासमोर दाढी करताना ते पुटपुटायचे, “पाऊस वेळेवर आहे, तुमचा चष्मा पुसा.” आठव्या का नवव्या दिवशी चष्मेवाला बाहेर आला. त्याने ओली पायरी बघितली, मान वर केली. काकांनी छाती भरून श्वास घेतला.

“असू दे, काका!” चष्मेवाला हसून म्हणाला. “काही त्रास नाही. चालू द्या तुमचं!”

“अहो, पण पाणी पडतंय!” काका म्हणाले. “गिऱ्हाईक घसरेल की! तुम्ही बोला ना मला!”

“छे छे, तुम्ही वडीलधारे. मी करतो काहीतरी सोय.”

भला माणूस. दुसऱ्याच दिवशी त्याने पायरीवर प्लॅस्टिकच्या पत्र्याचं छान पारदर्शक छप्पर बसवून घेतलं. तेव्हापासून माझं पाणी त्या छपरावर पडतं आणि नळीतून गटारात जातं. त्याची पायरी कोरडी असते. काका अजून सव्वासातला वाकून बघतात. खाली कुणी मान वर करत नाही. त्याला सव्वा वर्ष झालं.

मला आता इतकंच कळतं, मित्रांनो. झाडाला पाणी देणारी कुंडी जरूर घ्या. गावाला जाणाऱ्याला, गुडघे दुखणाऱ्याला, विसराळू माणसाला ती उपयोगाची आहे. कमरेचं भोक साफ ठेवा, महिन्यातून एकदा वरून पाणी घालून क्षार धुऊन टाका, कोरफड लावू नका. पण लाल काडी बघून माणसाबद्दल निश्चिंत होऊ नका. ज्याचं पाणी तुमच्या टेबलावर पडतं, त्याच्याशी कडाकडा भांडा, आणि पडायचं थांबलं तर जिना चढा. छप्पर बांधू नका.

आता साडेआठ वाजून गेले असावेत. चष्मेवाल्याने दुकान उघडलं, काचांवर फडकं मारलं, आत गेला. छप्पर आज कोरडं आहे. काकांच्या खोलीतली घड्याळं सगळी चालू आहेत, मला ऐकू येतात. सपाता ओढत चालण्याचा आवाज तेवढा सकाळपासून आलेला नाही. किटली काल ठेवली तिथेच आहे.

मला हाक मारता येत नाही. तुमच्यापैकी कुणी या रस्त्याने जात असेल, तर त्या छपराकडे बघा. कोरडं दिसलं तर वर या. पहिला मजला, जिन्यातून डावीकडचं दार. घंटा वाजवू नका, ती काकांना ऐकू येत नाही. दार ठोका, जोरात ठोका. आणि भांडायला आलोय म्हणून सांगा.